ध्रुवाच्या अलीकडे, वारुगडाच्या अलीकडे

1921 साली अर्नेस्ट शॅकल्टन अंटार्क्टिकाच्या आपल्या शेवटच्या मोहिमेची तयारी करत होता. त्या वेळी ब्रिटनमधल्या स्काउट मुलांना एक आवाहन करण्यात आलं: जहाजावर यायचं का? सुमारे 1,700 मुलांनी अर्ज केले. निवड झाली दोघांची. त्यातल्या एकाला बोट इतकी लागली की मादेरा बेटावरून त्याला घरी परतावं लागलं. दुसरा, अॅबर्डीनचा 18 वर्षांचा जेम्स मार, शेवटपर्यंत टिकला. पडेल ते काम त्याने केलं. 5 जानेवारी 1922 ला दक्षिण जॉर्जिया बेटाशी जहाज असताना शॅकल्टन हृदयविकाराने गेला. मोहीम मात्र थांबली नाही, आणि मारही थांबला नाही. पुढे तो सागरी जीवशास्त्रज्ञ झाला. देवमाशांपासून पेंग्विनपर्यंत साऱ्यांचं पोट ज्याच्यावर भरतं त्या क्रिल नावाच्या कोळंबीसारख्या बोटभर जिवावर त्याने आयुष्यातली कित्येक वर्षं घातली.

त्यानंतर सहाच वर्षांनी, 1928 मध्ये, अमेरिकेच्या रिचर्ड बर्डने असाच एक स्काउट सोबत नेला. पॉल सिपल, वय 19. हाच सिपल पुढे भूगोलाचा शास्त्रज्ञ झाला. वारा सुटला की थंडी अंगाला जास्त का झोंबते, याचा हिशेब त्याने एका सहकाऱ्याबरोबर मांडला. आज हवामानाच्या बातम्यांत ‘विंड चिल’ म्हणतात, ते मूळ काम त्यांचं. 1957 मध्ये थेट दक्षिण ध्रुवावरच्या तळावर शास्त्रज्ञांची पहिली तुकडी हिवाळाभर राहिली, तिचा प्रमुखही तोच.

साताऱ्यात मी भूगोल शिकवते. नववीच्या वर्गात या दोन मुलांच्या गोष्टी सांगितल्या की शेवटच्या बाकापर्यंत शांतता होते. मुलांना थंडीचं फार काही वाटत नाही. त्यांना नवल वाटतं ते वेगळंच: आपल्याहून चार वर्षांनी मोठ्या मुलावर कुणीतरी खरं काम सोपवलं याचं. ‘बाई, त्याला चुकायची परवानगी होती का?’ असं एका मुलाने विचारलं होतं. त्या प्रश्नाला मी अजून पुरी पडलेले नाही.

हे सगळं पुन्हा मनात घोळायला लागलं ते माझ्या भाचीमुळे. ती पुण्यात अकरावीला आहे. दिवाळीत घरी आली तेव्हा मोबाइलवर एक माहितीपत्रक दाखवून म्हणाली, ‘आत्या, मला इथे जायचंय. बाबांना तू सांग.’ किशोरवयीन मुलांसाठी अंटार्क्टिकाची शैक्षणिक मोहीम. जहाजावर शास्त्रज्ञ, खलाशी, कलावंत यांच्याबरोबर राहायचं, शाश्वत जगणं आणि नेतृत्व शिकायचं. खर्च काही लाख. माझा भाऊ बँकेत नोकरी करतो. आकडा वाचून त्याने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं, जणू ते पत्रक मीच छापलं होतं.

मी तिला लगेच हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. त्या रात्री आम्ही दोघी गच्चीत बसलो, समोर अजिंक्यताऱ्यावरचे दिवे, आणि मी तिला या मोहिमांचं मूळ सांगत गेले.

मुलांना मुद्दाम शिकण्यासाठी अशा दूरच्या प्रदेशात न्यायची कल्पना रुजवली ती जॉर्ज मरे लेविक या नौदलातल्या डॉक्टरने. 1912 साली कॅप्टन स्कॉटच्या मोहिमेतल्या सहा जणांची एक तुकडी किनाऱ्यावर अडकली, कारण गोठलेल्या समुद्रामुळे जहाज त्यांना घ्यायला येऊ शकलं नाही. लेविक त्या सहांत होता. बर्फ कोरून केलेल्या गुहेत त्यांनी अख्खा ध्रुवीय हिवाळा काढला. खायला सील आणि पेंग्विन, उजेडाला चरबीचे दिवे, काजळीने माखलेली तोंडं. तुकडीचा प्रमुख व्हिक्टर कॅम्पबेल याने गुहेच्या जमिनीवर एक रेघ मारली होती. एका बाजूला तीन अधिकारी, दुसऱ्या बाजूला तिघे खलाशी. रेघेपलीकडे जे बोललं जाईल ते अलीकडच्यांनी ऐकलं नाही असं धरायचं. हाताच्या अंतरावर झोपणाऱ्या सहा माणसांना मन मोकळं करायला एवढीच जागा होती, आणि ती त्याने राखून ठेवली. सहाही जण जिवंत परतले. वीस वर्षांनी, 1932 मध्ये, याच लेविकने शाळकरी मुलांच्या मोहिमांसाठी संस्था काढली आणि पहिली तुकडी फिनलंडला नेली. ती संस्था आजही चालू आहे.

आताच्या काळात कॅनडाच्या जेफ ग्रीनने सुरू केलेली ‘स्टुडंट्स ऑन आइस’ जगभरच्या मुलांना आर्क्टिक आणि अंटार्क्टिकात नेत आली आहे. रॉबर्ट स्वान 1986 मध्ये दक्षिण ध्रुवावर चालत गेला आणि 1989 मध्ये उत्तर ध्रुवावर. दोन्ही ध्रुवांवर चालत पोचलेला तो पहिला माणूस. त्यानेही तरुणांना तिथे नेण्याचंच व्रत घेतलं. त्याच्या संस्थेचं नाव आहे 2041. त्या आकड्याकडे मी नंतर येते.

या मोहिमांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती उतरण्याआधीची तयारी. किनाऱ्यावर पाय ठेवण्याआधी प्रत्येकाचे बूट जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून घासतात. जॅकेटचे खिसे, शिवणी, वेल्क्रोच्या पट्ट्या व्हॅक्यूमने साफ करतात, कारण कुठल्या तरी माळावरचं गवताचं एक बी तिथे पडलं तर ते रुजू शकतं. ही नुसती भीती नाही. आपल्याकडे कुरणांत उगवतं तसलं एक साधं परदेशी गवत अंटार्क्टिकाच्या किंग जॉर्ज बेटावर पसरलं आहेच. एका जागी एका वेळी शंभरापेक्षा जास्त माणसांनी उतरायचं नाही. किनाऱ्यावर खायचं नाही, लघवीसुद्धा करायची नाही. पेंग्विनपासून निदान पाच मीटर लांब राहायचं आणि वाट त्याची असेल तर आपण थांबायचं. आणि एक नियम तर असा आहे की तो ऐकल्यापासून मी प्रत्येक वर्गाला सांगते. मऊ बर्फात माणसाचा पाय गुडघ्यापर्यंत रुतला की मागे खोल खड्डा राहतो. पेंग्विन त्यात पडला तर त्याला बाहेर येता येत नाही. म्हणून पाय काढल्यावर मागे वळायचं, आपला खड्डा आपण बुजवायचा आणि मगच पुढे जायचं.

हे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या अंगवळणी पडतं, कारण तिथे त्याचा परिणाम डोळ्यांसमोर असतो. शाळेत आम्ही पर्यावरणाची प्रकल्पवही लिहून घेतो. पर्यावरण दिनाला घोषवाक्यं रंगवतो. ती वही रद्दीत गेली तरी कुणाचंच काही बिघडत नाही, आणि मुलांना हे नेमकं कळतं. ज्याच्या चुकण्याने काहीच होत नाही ते काम मुलं मनावर घेत नाहीत. त्यात मला त्यांचा शहाणपणाच दिसतो.

मग जावं का भाचीने?

इथे मी अडते. पुण्याहून दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, अर्जेंटिनातल्या उशुआयापर्यंत विमानं, तिथून ड्रेकच्या सामुद्रधुनीतून साधारण दोन दिवस जहाज, आणि तितकाच परतीचा प्रवास. सरासरी भारतीय माणूस वर्षभरात साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो. या एका प्रवासात त्याहून जास्त सुटतो. जहाजांच्या धुरातली काजळी बर्फावर बसते, काळवंडलेला बर्फ जास्त ऊन शोषतो आणि लवकर वितळतो. बर्फ वाचवण्याचं शिक्षण घ्यायला जाणाऱ्याच्या वाटेवरही ही काजळी पडतेच. जाऊन आल्यावर मुलं पुढे जे करतात त्याने हे भरून निघतं, असं या मोहिमा चालवणारे म्हणतात. काहींच्या बाबतीत ते खरं आहे. मार आणि सिपल ही त्याचीच उदाहरणं. पण जी मुलं फोटो आणि प्रमाणपत्र घेऊन परतली आणि थांबली, त्यांच्या वाट्याची काजळी कुणी पुसायची?

भाची म्हणाली, ‘म्हणजे श्रीमंतांनी जायचं आणि आपण हिशेब करत बसायचं?’ प्रश्न रास्त होता.

2041 चं आता सांगते. अंटार्क्टिका कुणाचीच नाही. 1959 साली 12 देशांनी वॉशिंग्टनमध्ये करार केला की तिथे लष्कर नको, विज्ञान चालेल, आणि मालकीचे जुने दावे जिथे आहेत तिथेच गोठवायचे. 1991 मध्ये माद्रिदला त्याला पर्यावरण रक्षणाचा जोडकरार जोडला गेला आणि खनिजं काढायला बंदी आली. त्याला 50 वर्षं होतात 2041 मध्ये, आणि स्वानने नाव घेतलं ते तिथून. हा जोडकरार प्रत्यक्ष लागू झाला 1998 ला, म्हणून फेरविचाराची मागणी करायची मुभा 2048 पासून मिळते. त्या साली बंदी आपोआप संपेल असं पुष्कळ ठिकाणी छापून येतं, ते चूक आहे. बंदी राहणारच आहे, पण ती बदलायची का हे विचारायचं दार त्या वर्षी उघडेल. ज्या देशांना त्या टेबलावर मत आहे त्यांत 1983 पासून भारत आहे. आणि आज सोळा वर्षांची असलेली मुलगी तेव्हा चाळिशीच्या उंबरठ्यावर असेल.

माझ्या डोळ्यांसमोर अंटार्क्टिका येते ती गावाच्या गायरानासारखी. कुणाच्या सातबाऱ्यावर नाही, गुरं सगळ्यांची चरतात, आणि एकाने कुंपण सरकवायला सुरुवात केली की बघता बघता सगळेच सरकवतात. गायरान राखलं जातं ते तिथे रोज जाणाऱ्या कुणाला तरी ते आपलं वाटतं म्हणून. कागद त्यानंतर येतो. मला शिकवायचं आहे ते हेच: जे आपल्या मालकीचं नाही त्याची जबाबदारी घेणं. याला ध्रुवावर जावंच लागतं का?

औंधची आठवण मला इथे येते. खटाव तालुक्यातलं औंध एकेकाळी छोटं संस्थान होतं. राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनी 1939 मध्ये, गांधीजींच्या सल्ल्याने, राज्याचा कारभार प्रजेच्या हाती देणारी घटना आणली. सत्ता गावपंचायतींकडे गेली. त्याच वर्षी आटपाडीजवळ, आज सांगली जिल्ह्यात आहे तिथे, स्वतंत्रपूर वसलं. जन्मठेपेच्या कैद्यांसाठी भिंती नसलेली वसाहत. कैदी बायकामुलांसह राहतात, शेती करतात. पळून जाणं अवघड नाही, तरी माणसं राहतात, कारण विश्वास टाकलेला असतो. मॉरिस फ्रायडमन नावाचे मूळचे पोलंडचे इंजिनिअर या दोन्ही प्रयोगांच्या मागे होते. आणि याच अप्पासाहेबांची मुलगी अदिती पंत. समुद्रशास्त्रज्ञ. 1983-84 च्या तिसऱ्या भारतीय मोहिमेत त्या आणि भूगर्भशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता अंटार्क्टिकावर गेल्या. भारतीय मोहिमेतून तिथे पाऊल ठेवणाऱ्या या पहिल्या दोघी स्त्रिया. भारताचा पहिला तळ, दक्षिण गंगोत्री, त्याच मोहिमेत उभा राहिला. दुष्काळी खटावातल्या राजवाड्याची नात बर्फाच्या खंडावर समुद्राचं पाणी तपासत होती, हे माझ्या मुलींना मी दरवर्षी सांगते, आणि दरवर्षी कुणीतरी विचारते, ‘औंधच्या? आपल्या औंधच्या?’

कर्मवीर भाऊराव पाटलांनीही वेगळं काय केलं? 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, स्वतः रांधायची, शेतात राबायची आणि शिकायची. ‘कमवा आणि शिका’ आपल्याकडे इतकं बोललं गेलंय की त्यातली धार आता कुणाच्या ध्यानात येत नाही. तिथे मुलाने भाकरी करपवली तर त्या रात्री सगळे करपलेली भाकरी खात.

तेव्हा आमच्या जिल्ह्यातच ध्रुवीय शाळा का नको, असं मला वाटू लागलं. जिल्हाही काय मिळालाय! महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. सकाळच्या एसटीने निघालं तर दुपारी माण तालुक्यात पोचता येतं आणि तिथे पाचशेच्या आसपास, तोही लहरी. मान्सूनचे वारे विषुववृत्ताच्या दक्षिणेकडून, थंड दक्षिण महासागराच्या बाजूच्या हिंदी महासागरातून वाफ घेऊन निघतात, सह्याद्रीवर रिकामे होतात आणि माणदेशात कोरडे पोचतात. कासच्या पठारावर जांभ्याच्या कातळावर वीतभरसुद्धा माती नाही. तिथे वायतुरा फुलतो, ज्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, आणि पर्यटकाची एक चप्पल त्याचं वर्ष बुडवते. खड्डा बुजवायचा नियम कासलाही लागू पडतो. आमच्या मुलांना तो सांगावा लागला नाही. पेंग्विनची गोष्ट त्यांनी ऐकली होती, तेवढ्यावर भागलं.

गेली काही वर्षं हिवाळ्यात आम्ही नववीच्या मुलामुलींना घेऊन माणदेशात पायी मोहीम काढतो. नियम साधे आहेत. पिण्यापासून भांड्यांपर्यंत सगळ्याला मिळून माणशी दिवसाला चार लिटर पाणी. आपला कचरा आपल्या पाठीवर, शेवटच्या दिवशी तो वजन करून शाळेत. वाटेतल्या विहिरींची पाणीपातळी दोरी-दगडाने मोजून वहीत लिहायची. आणि रोज चिठ्ठी टाकून एक प्रमुख. जिवाला धोका नसेल तोवर मोठ्यांनी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम पाळणं आम्हा शिक्षकांना सगळ्यात जड जातं.

पाण्याचा हिशेब पहिल्या दिवशी शहरातल्या मुलांचा कोलमडतो. दुपारीच बाटल्या रिकाम्या. मग म्हसवडकडून साताऱ्यात शिकायला आलेली एखादी मुलगी गुपचूप राखेने ताटं घासून दाखवते, आणि त्या क्षणापासून गटात तिचं म्हणणं ऐकलं जातं. वर्गात जी वर्षभर तोंड उघडत नाही ती.

एकदा गिरवीच्या बाजूने वारुगड चढत होतो. त्या दिवशीची प्रमुख एक लहानखुरी मुलगी. माथा समोर दिसत होता, तटबंदीचे दगड मोजता येतील इतका. तेवढ्यात एका मुलाचा पाय मुरगळला. फार नाही, पण चालणं मंदावलं. मुलं म्हणाली, तो बाईंजवळ बसेल, आपण वर जाऊन येऊ. तिने बाटल्या बघितल्या, सूर्य बघितला, उतरायला त्याला लागणारा वेळ मोजला आणि म्हणाली, ‘गट फोडायचा नाही. खाली चला.’ दोन मुलं चिडून तिच्याशी दिवसभर बोलली नाहीत. रात्री ती तंबूत एकटी रडली, हे मला तिच्या मैत्रिणीने सांगितलं. मी तिच्याजवळ जाऊन बसले, पण तिचं बरोबर होतं असं काही म्हटलं नाही. ते तिचं तिने ठरवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना मी सगळ्यांना 1909 सालची गोष्ट सांगितली. 9 जानेवारीला शॅकल्टन आणि त्याचे तिघे साथीदार 88 अंश 23 मिनिटं दक्षिण अक्षांशावर पोचले होते. ध्रुव तिथून साधारण 180 किलोमीटर. तोवर इतक्या दक्षिणेला कुणी गेलं नव्हतं. अन्न संपत आलं होतं. पुढे गेलं तर ध्रुव मिळाला असता, परतीची वाट मिळाली नसती. तो फिरला. परतताना फ्रँक वाइल्ड आजारी पडला, तेव्हा शॅकल्टनने स्वतःच्या वाट्याचं सकाळचं बिस्किट त्याला जबरदस्तीने दिलं. सात वर्षांनी, 1916 मध्ये, ‘एन्ड्युरन्स’ जहाज बर्फाने चिरडल्यावर हाच वाइल्ड एलिफंट बेटावर 21 जणांना घेऊन अडकला. शॅकल्टन मदत आणायला गेलेला. रोज सकाळी वाइल्ड सगळ्यांना अंथरुणं गुंडाळायला लावायचा, साहेब आज येईल म्हणून. चार महिन्यांहून जास्त काळ. 30 ऑगस्टला जहाज आलं तेव्हा सगळेच्या सगळे जिवंत होते.

चिडलेल्या दोघांपैकी एकाने गोष्ट संपल्यावर उठून त्या मुलीला आपल्या डब्यातला लाडू दिला. तिने तो अर्धा केला आणि पाय मुरगळलेल्याला दिला.

भाचीला मी हे सगळं सांगितलं आणि शेवटी माझं मत दिलं: तू जा, पण दोन वर्षांनी. तोवर इथलं एक काम धर, जे तुझं नाही आणि जे तू सोडलंस तर खरोखर बिघडेल. मग अर्जात लिहायला तुझ्याकडे काहीतरी असेल, आणि परत आल्यावर करायलाही. तिने तोंड वाकडं केलं. जानेवारीत मात्र आमच्या मोहिमेला आली, पुण्याचे महागडे बूट घालून, आणि दोरी-दगड घेऊन विहिरीत वाकायला सगळ्यात पुढे.

विहिरींच्या नोंदींवरून वर्गात अलीकडे एक नवीन गोष्ट सुरू झाली आहे. अंटार्क्टिकात बर्फाला खोल भोक पाडून काढलेल्या गाभ्यात आठ लाख वर्षांची हवा बुडबुड्यांत अडकलेली सापडली, हे मी शिकवत होते. गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातही असे गाभे गोठणबिंदूखाली जपून ठेवतात. म्हसवडचा एक मुलगा म्हणाला, ‘बाई, बर्फाचा हिशेब आठ लाख वर्षांचा आहे. मग आमच्या विहिरींचा जुना हिशेब कुठे मिळेल?’ राज्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षानुवर्षं मोजत आली आहे, हे मी त्याला सांगितलं. चौघे-पाच जण अर्ज लिहून साताऱ्यातल्या कार्यालयात गेले. तिथल्या साहेबांनी त्यांना बसवून घेतलं, नकाशा उघडला आणि माणमधल्या निरीक्षण विहिरींची गावं उतरवून दिली. त्यातल्या काही आमच्या वाटेवरच्याच निघाल्या. आता मुलं आपल्या वहीतले आकडे त्या जुन्या आकड्यांशेजारी मांडताहेत. कुठे पाणी वर आलंय आणि कुठे बोअरवेलच्या गर्दीने खाली गेलंय, यावरून रोज भांडतात. ग्रामसभेत कुठले आकडे ठेवायचे, यावर अजून त्यांचं एकमत झालेलं नाही.